सूचक नाही, अनुमोदक नाही

पंचायत समितीच्या ठरावबुकात प्रत्येक ठरावाखाली दोन नावं लिहायची असतात, सूचक आणि अनुमोदक. मार्च 2022 मध्ये सदस्यांची मुदत संपली, प्रशासक आला, आणि पहिल्याच महिन्यात आमच्या वरिष्ठ सहायकाने रजिस्टर पुढे करून विचारलं, "साहेब, या दोन रकान्यांत काय लिहू?" प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर कुठल्या परिपत्रकात सापडेना. कारण प्रशासक म्हणजे आमचेच गटविकास अधिकारी. दुपारपर्यंत गटविकास अधिकारी म्हणून टिप्पणी सादर करायची आणि दुपारनंतर प्रशासक म्हणून तीच टिप्पणी वाचून खाली "मान्य" लिहायचं. सही एकाच माणसाची, शिक्के तेवढे दोन. शेवटी सहायकाने दोन्ही रकान्यांत एक आडवी रेघ मारली. मी 2025 साली निवृत्त झालो तोवर दर महिन्याला ती रेघ मारली जात होती.

मी ग्रामसेवक म्हणून नोकरीला लागलो आणि विस्तार अधिकारी (पंचायत) म्हणून बाहेर पडलो. सगळी नोकरी मराठवाड्यातल्या दोन-तीन तालुक्यांत गेली. मंत्रालयात मी क्वचितच गेलो असेन. तिथून निघालेला कागद गावात पोचेपर्यंत त्याचं काय होतं, एवढं मात्र जवळून पाहिलं. राज्याचा कारभार बिघडलाय असं सगळेच म्हणतात, आणि बोट दाखवायचं ते पुढाऱ्यांच्या चारित्र्याकडे किंवा आम्हा कर्मचाऱ्यांच्या खाबूगिरीकडे. दोन्ही आरोप खोटे नाहीत. पण बिघाडाचं एक कारण असं आहे की ज्यात कुणाला पैसे खावे लागत नाहीत, कायदा उघड मोडावा लागत नाही, नुसतं थांबून राहिलं तरी भागतं.

त्या मार्चमध्ये राज्यातल्या 25 जिल्हा परिषदा आणि 283 पंचायत समित्यांची मुदत संपली. फेब्रुवारी 2017 मध्ये निवडून आलेले लोक घरी गेले. मुंबई महापालिकेची मुदतही त्याच महिन्यात संपली. निवडणूक दोन-चार महिन्यांत होईल अशीच सगळ्यांची समजूत होती. सभापतींच्या दालनाला कुलूप लागलं, त्यांची गाडी जमा झाली, शिपायाने नावाची पाटी काढून रेकॉर्डरूममध्ये ठेवली.

खरं सांगायचं तर कार्यालयात सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. मासिक सभा म्हणजे आमच्या डोक्याला ताप असायचा. आठ दिवस आधी विषयपत्रिका, मग खातेप्रमुखांची जमवाजमव, मग सभेत आरडाओरडा, कधी पाण्याच्या टँकरवरून, कधी शाळेच्या गळक्या खोलीवरून, बऱ्याचदा 'माझ्या गणात एकही काम नाही' यावरून. सेस फंडातून शिलाई मशीन, सायकली, ताडपत्र्या वाटायच्या तर प्रत्येक सदस्याची यादी वेगळी. पदाधिकाऱ्यांत सव्वा-सव्वा वर्षाची वाटणी ठरलेली, ती पाळली नाही की त्याचा राग आमच्यावर. महिलांना 50 टक्के आरक्षण 2011 पासून आहे, पण कित्येक ठिकाणी सभेला यायचे ते यजमान. पुढच्या खुर्चीत ताई, मागच्या खुर्चीत त्यांचे 'साहेब', आणि प्रश्न मागून पुढे यायचा. काही सदस्य तर उघड उघड ठेकेदारच. तेव्हा प्रशासक आला म्हणताच "आता काम करता येईल" असं आम्ही एकमेकांना म्हणालो, आणि पहिले दोन-तीन महिने टपाल खरोखरच भराभर निघालं.

त्यानंतर मात्र मला एका ताईंची आठवण वारंवार येऊ लागली. सदस्यपदाच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षापासून त्या एकट्याच सभेला यायच्या. यजमानांनी घरी काय ऐकून घेतलं असेल ते त्यांनाच ठाऊक. एका उन्हाळ्यात त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, गढूळ, तळाशी गाळ बसलेला, आणि पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्यासमोर टेबलावर ठेवली. तो म्हणाला, "ताई, नमुना तपासायला पाठवतो." त्या म्हणाल्या, "तपासू नका, साहेब. प्या." सभा हसली. उपअभियंता लाल झाला. गोष्ट रंगवून सांगणारे इथेच थांबतात, पण माझ्या दृष्टीने खरी गंमत पुढच्या महिन्यात होती. सभेच्या विषयपत्रिकेत पहिला विषय कायम 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' आणि दुसरा 'मागील सभेतील ठरावांचे अनुपालन'. म्हणजे ती बाटली इतिवृत्तात गेली, इतिवृत्तावरून संबंधित खात्याला पत्र गेलं, आणि पुढच्या सभेत त्या साहेबांना उभं राहून उत्तर द्यावं लागणार होतं, तेही ताईंच्या समोर. सभेच्या आदल्या दिवशी त्या गावात पाणी शुद्ध करायचं टीसीएल पोचलं, फुटलेला व्हॉल्व्ह बदलला गेला. लोकशाही वगैरे मोठे शब्द सभागृहात कुणी उच्चारले नाहीत. पण महिनाभराने पुन्हा तोंड दाखवायचंय, ही धास्ती सरकारी माणसाला कामाला लावते. माझ्या सगळ्या नोकरीत तिच्याइतकं हमखास लागू पडणारं दुसरं काही मी पाहिलं नाही.

प्रशासकाच्या काळात अनुपालनाचा विषय कागदावर होता. पण प्रशासक स्वतःलाच अनुपालन सादर करत होता आणि स्वतःच त्यावर समाधानी होत होता.

जलजीवनच्या कामांचे भोग मी याच काळात पाहिले. ही केंद्राची योजना 2019 ची. घरटी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी, असं तिचं उद्दिष्ट. माझ्याकडच्या एका गावात टाकी उभी राहिली, तिच्यावर निळ्या अक्षरांत घोषवाक्य रंगवलं गेलं, नळ घरोघरी बसले. रस्ते उखडले ते तसेच राहिले. आणि ज्या विहिरीवर सगळी भिस्त, ती फेब्रुवारीतच तळाला गेली. गावकरी आमच्याकडे आले. आम्ही त्यांना पाणीपुरवठा उपविभागात पाठवलं. उपविभागाने सांगितलं, ठेकेदाराचं बिल निघालेलं नाही, तो काम करत नाही. ठेकेदार म्हणाला, वरून निधी नाही. सरपंच म्हणाला, मी काय करू, काम माझ्याकडे हस्तांतरित झालेलं नाही. प्रत्येकाचं म्हणणं नियमात बसत होतं. आधीच्या दिवसांत असा प्रश्न त्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याकडे गेला असता, त्याने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांसमोर चौघांना एका खोलीत बसवलं असतं, थोडा गोंधळ घातला असता. प्रश्न सुटलाच असता असं मी म्हणत नाही. पण चौघे एकदा तरी एका खोलीत आले असते.

सदस्य गेले म्हणजे राजकारण गेलं, असं काहींना वाटलं. झालं उलटंच. पूर्वी एका तालुक्यात पाच-सात सत्ताकेंद्रं असायची, एकमेकांच्या तंगड्या ओढणारी. आता सगळं एका ठिकाणी गोळा झालं. आमदारांचे स्वीय सहायक व्हॉट्सअ‍ॅपवर कामांची यादी पाठवायचे. 25-15 या लेखाशीर्षाखाली गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामं मंजूर होतात. आमच्या खात्यात 'पंचवीस-पंधरा' एवढं म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. ती यादी ग्रामसभेने कधीच ठरवली नव्हती हे खरं, पण तिच्यावरून बोंब मारणारं कुणीतरी सभागृहात असायचं. शिलाई मशीन सदस्याच्या भाचीला गेली, तर शेजारच्या गणातला सदस्य ते भर सभेत सांगायचा. चोरावर लक्ष ठेवायला दुसरा चोर का होईना, पण होता. आता यादी वरून आली की तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश असा प्रवास मुकाट्याने होऊ लागला.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. जिल्ह्याचा वार्षिक आराखडा जिल्हा नियोजन समिती मंजूर करते. या समितीत किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून निवडलेले असावेत, असं संविधानाचं कलम 243 झेडडी सांगतं. निवडणार कुठून? निवडून देणाऱ्या संस्थाच ओस. उरले पालकमंत्री, आमदार, खासदार आणि अधिकारी. जिल्ह्याचा पैसा कुठे जाणार हे ठरवणाऱ्या टेबलावरून जिल्ह्याचेच लोक उठून गेले होते. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना 80 टक्के, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला 10-10 टक्के असा वाटला जात होता. निवडून आलेली संस्थाच नाही म्हणून आमचे दहा टक्के अडकले. हा निधी केंद्राकडचा. अटी आधीपासून ठाऊक होत्या.

पालकमंत्र्यांचंही सांगायला हवं. 30 जून 2022 रोजी नवं सरकार आलं आणि 9 ऑगस्टपर्यंत राज्याचं मंत्रिमंडळ दोन माणसांचं होतं. मधल्या काळात आदेश आला, की एप्रिलपासून जिल्हा नियोजनातून मंजूर झालेल्या कामांना स्थगिती. आमच्याकडे अंदाजपत्रकं झालेली, काही गावांत सरपंचांनी नारळ फोडलेले. पत्रात कारण नव्हतं, कधीच नसतं. "पुढील आदेश होईपर्यंत" एवढंच. पालकमंत्री सप्टेंबरच्या शेवटी नेमले गेले, मग याद्या नव्याने फिरल्या. गाव तेच, गटार तेच, फक्त शिफारस बदलली. 2025 च्या जानेवारीत रायगड आणि नाशिकचे पालकमंत्री जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्या नेमणुकांना स्थगिती मिळाली, तेव्हा आमच्या कार्यालयात कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

या थांबाथांबीचा शेवट होतो 31 मार्चला. पैसा वर्षभर येत नाही आणि शेवटच्या संध्याकाळी बीडीएस या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर तरतूद दिसू लागते. जिल्हा परिषदेला तो खर्च करायला पुढचं वर्ष मिळतं, म्हणून रात्री बारापर्यंत कोषागारातून उचलायची तेवढी घाई. लेखा विभागातली मुलं डबे आणून बसतात, सर्व्हर चालत नाही, कुणीतरी वडापाव आणतं. लोकांना वाटतं मार्चएंडला सरकारी कर्मचारी मेहनत करतात. करतात. ते काम मात्र ऑक्टोबरमध्ये व्हायचं होतं.

दिरंगाईवर आपल्याकडे कायदा नाही असं नाही. 2005 चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा अधिनियम सांगतो की कुठल्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे, त्यात सेवांना मुदती ठरवून दिल्या आहेत. दोन्ही कायदे चांगले आहेत. पण कार्यालय कायद्यापेक्षा वयाने मोठं असतं. नस्ती सात दिवसांहून जास्त बसू द्यायची नाही ना, मग तिला चालती ठेवायची. सहाव्या दिवशी 'त्रुटी पूर्ततेसाठी परत', पूर्तता झाली की नवी त्रुटी, मग 'अभिप्रायार्थ सादर', मग 'आपले स्तरावरून नियमोचित कार्यवाही करावी'. या शेवटच्या वाक्यावर महाराष्ट्राचं प्रशासन उभं आहे असं मी नव्या ग्रामसेवकांना सांगत असे. त्याचा अर्थ, मी निर्णय घेत नाही आणि तुम्ही घेतला तर जबाबदार तुम्ही. अशा नस्तीला कायद्याने पकडता येत नाही. ती पकडायचा सभागृहातला सदस्य, ज्याला कलम माहीत नसायचं पण "माझ्या गावची फाइल कुणाच्या टेबलावर हाय, तेवढं सांगा" एवढं विचारता यायचं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. निवडणुका लांबल्या का? लोक सांगतात, ओबीसी आरक्षणाचा खटला. ते अर्धसत्य आहे. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण द्यायचं तर स्वतंत्र आयोग नेमून मागासलेपणाची माहिती गोळा करा, संस्थानिहाय प्रमाण ठरवा, आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या आत ठेवा. हीच चौकट न्यायालयाने 2010 सालीच घालून दिली होती. मधली दहा-अकरा वर्षं आलटून पालटून सगळेच सत्तेत होते. माहिती कुणी गोळा केली नाही. ओबीसी समाजाचा हक्क रास्त आहे, तो मिळालाच पाहिजे. पण त्याच्या नावाने दिरंगाई करणाऱ्यांना त्या हक्काची कळकळ होती, हे माझ्या गळी उतरत नाही.

आणि उरलेलं अर्धं असं. मार्च 2022 मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला. एरवी एकमेकांची तोंडं न पाहणारे सत्ताधारी आणि विरोधक त्या विधेयकावर एकमुखी होते. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या रचनेनुसार प्रक्रिया सुरू करा असं सांगितलं. जूनअखेर सरकार बदललं. आधीच्यांनी मुंबईचे प्रभाग 227 वरून 236 केले होते, नंतरच्यांनी ते परत 227 केले, त्यावर पुन्हा याचिका, मग ऑगस्टमध्ये 'जैसे थे'चा आदेश, आणि मग तारखांवर तारखा. इतर महापालिकांत चार सदस्यांचा प्रभाग, मग एकाचा, मग तिघांचा, पुन्हा चौघांचा. सरपंच 2017 मध्ये थेट जनतेतून, 2020 मध्ये सदस्यांतून, 2022 मध्ये पुन्हा जनतेतून. या शेवटच्या फेऱ्यात मी स्वतः गावोगाव ग्रामपंचायतींची भांडणं मिटवत फिरलो. सरपंच एका पॅनेलचा, बहुमत दुसऱ्याचं, आणि ग्रामसेवक भाऊसाहेब मधल्या मध्ये. पद्धत कुठली चांगली यावर वाद घालता येईल. ज्याला जी सोयीची ती त्याने आणली, हे मात्र वादातीत आहे.

संविधानाचं कलम 243 ई म्हणतं की पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. अहमदाबाद महापालिकेच्या 2006 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शहरांपुरतं हेच ठणकावून सांगितलं होतं. तरी आपल्याकडे 6 मे 2025 उजाडावा लागला. त्या दिवशी न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढा, चार महिन्यांत निवडणुका आटोपा असं बजावलं. तेही पाळलं गेलं नाही, मग 31 जानेवारी 2026 पर्यंत मुदतवाढ मागून घ्यावी लागली. बहुतेक नगरपरिषदांचं मतदान 2 डिसेंबर 2025 ला झालं, मुंबईसह 29 महापालिकांचं 15 जानेवारी 2026 ला. मुंबईसारख्या शहराने जवळजवळ चार वर्षं नगरसेवकाविना काढली.

केरळात करोनाच्या साथीतही डिसेंबर 2020 मध्ये स्थानिक संस्थांची निवडणूक झाली आणि पुढची बरोबर डिसेंबर 2025 मध्ये. तिथले राजकीय पक्ष काही आपल्यापेक्षा सोवळे नाहीत. तिथे वॉर्डांची फेररचना करणाऱ्या आयोगाचा अध्यक्ष राज्य निवडणूक आयुक्त असतो. मंत्र्याच्या बंगल्यावर नकाशा पसरून रेषा ओढायला बसलं तरी त्याचा उपयोग नसतो.

म्हणून सुधारणा म्हटली की मला पुढाऱ्यांच्या हृदयपरिवर्तनात रस नाही. निवडणूक लांबली की नुकसान कुणाचं होतं, याचा हिशोब करून पाहा. आमदाराचं होत नाही, त्याला प्रतिस्पर्धी तयार होत नाहीत. पालकमंत्र्याचं होत नाही, सगळा निधी त्याच्या शब्दावर फिरतो. अधिकाऱ्यांचं तर नाहीच, आम्हाला सभाच नको असते. ज्याचं होतं त्याच्या हाती तारीख ठरवण्याचा अधिकार नाही. तेव्हा तारीख, नकाशा आणि आरक्षणाची सोडत ही तिन्ही कामं सरकारकडून काढून कायमची आयोगाकडे द्यावीत. मुदत संपायच्या शेवटच्या वर्षात सदस्यसंख्या किंवा पद्धत बदलायला बंदी असावी. मागासवर्गाची माहिती गोळा करणारी यंत्रणा कायमस्वरूपी असावी, न्यायालयाने कान पिळल्यावर तीन महिन्यांसाठी जन्माला येणारी नको. आणि मंजूर कामाला स्थगिती द्यायची तर आदेशात लेखी कारण द्यावं, एवढी किमान लाज सरकारने बाळगावी. यातल्या बहुतेक गोष्टींसाठी दिल्लीला जावं लागत नाही. राज्याच्या विधिमंडळात एका अधिवेशनात त्या होऊ शकतात. अधिकार काढून घेणारं विधेयक झालंच होतं की.

निवडून आलेल्यांबद्दल माझ्या मनात भोळा आदर नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांना मी ठेकेदारीत पाहिलंय. पण वाईट सदस्याला पाच वर्षांनी पाडता येतं. प्रशासकाला पाडायची सोय कुठेच नाही, आणि त्याची बदली झाली तर दुसरा येतो, तोही रेघच मारतो.

निवडणुकांनंतर गल्लोगल्ली सत्कार झाले, नव्या नगरसेवकांच्या गळ्यात हार पडले. त्यांचं त्यांनी पाहावं. तुमचा आमदार एखाद्या लग्नात, सप्त्यात किंवा उद्घाटनाला भेटेल तेव्हा रस्ता आणि गटार एक दिवस बाजूला ठेवा, आणि प्रभाग व गट-गणांच्या रचनेचा अधिकार निवडणूक आयोगाला परत देणारं विधेयक तुम्ही मांडणार आहात का, एवढं त्याला चारचौघांत विचारा. तो हसून विषय बदलेल. पुढच्या महिन्यात परत विचारा.